शेवऱ्याचं वशिंड

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले भीमाशंकर बिराजदार लहान मुलांसाठी निसर्गाची पुस्तकं लिहितात, हे देवणीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती पुस्तकं कुणी वाचत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ही दुसरी गोष्ट खुद्द भीमाशंकरांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. म्हणजे कागदावर काही डॉक्टर नव्हेत. पण अडलेली गाय जो सोडवतो तो डॉक्टर, असं खेड्यांनी आपलं ठरवून टाकलेलं असल्यामुळे आसपासच्या बावीस गावांत ते ‘डाक्टरसाब’ होते. मोटारसायकलला लसींचा डबा बांधून त्यांनी तेहतीस वर्षं काढली. रोज कुठे गेलो, किती जनावरं टोचली, याची दैनंदिनी भरावी लागायची. बाकीचे लोक ती महिनाअखेरीला एका बैठकीत उरकायचे. भीमाशंकर रोजच्या रोज आणि खरी भरायचे, आणि तिथेच घोटाळा झाला. ‘लसीकरण एकोणचाळीस. परतीच्या मार्गावर मुंगसाची जोडी, सोबत तीन पिल्ले. पैकी एक खोडकर,’ असं त्यांनी एकदा लिहिलं. वरिष्ठांनी खुलासा मागवला, की पिल्लू खोडकर असल्याचे कोणत्या आधारे नमूद केले? भीमाशंकरांनी दोन पानी खुलासा धाडला आणि सोबत पिल्लाच्या हालचालींचा तक्ता जोडला. त्यानंतर वरिष्ठांनी त्यांना काही विचारायचं सोडूनच दिलं.

निवृत्तीबरोबर दैनंदिनी बंद झाली, पण बघायची खोड काही गेली नाही. अंगणातल्या लिंबावरची खार काय करते, कुंपणावरचा सरडा कुणाकडे बघून मान हलवतो, हे सगळं कुणाला तरी कळवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. वरिष्ठ तर उरले नव्हते. मग त्यांनी लहान मुलांना कळवायचं ठरवलं.

पहिलं पुस्तक खारीवर. त्याची सुरुवात अशी होती: ‘सदर खार ही सकाळी साडेसहाच्या सुमारास लिंबाच्या झाडावरून खाली उतरली. उपरोक्त झाडाखाली शेंगदाणे आढळून आल्याने तिने ते ताब्यात घेतले.’ उदगीरच्या एका छापखान्यातून ते छापून आलं. पाठोपाठ टिटवीचं आलं, मग घरातल्या पालीचं. विकत कोण घेणार? म्हणून भीमाशंकर लग्नाकार्यांत टॉवेल-टोपीच्या आहेराऐवजी पुस्तक द्यायला लागले. एका लग्नात माइकवर आहेर पुकारणाऱ्याने वेष्टण काढलं, पुस्तकाचं नाव वाचलं आणि इमानेइतबारे पुकारलं, “डाक्टरसाबांकडून नवरीला, घरातली पाल!” नवरीच्या आईने त्यानंतर भीमाशंकरांशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

लोक वाचतात की नाही, हे ताडायची एक युक्ती त्यांनी काढली होती. कुणी भेटलं की विचारायचे, “खारीचं पुस्तक कसं वाटलं?” समोरचा म्हणायचा, “एकदम झकास!” मग भीमाशंकर हळूच म्हणायचे, “त्यातला मुंगूस?” “मुंगूस तर लईच भारी!” खारीच्या पुस्तकात मुंगूस औषधालाही नव्हता. वर्षभरात अशी चौदा माणसं त्यांनी मुंगसावर पकडली. त्यांत शाळेचे केंद्रप्रमुखही सापडले. पकडल्याची गंमत पहिल्या दोन-तीन माणसांपुरती होती. नंतर नंतर त्यांना वाईट वाटायला लागलं, आणि चौदाव्या माणसानंतर त्यांनी विचारणंच सोडलं. हार नको, शाल नको. कुणीतरी एका माणसाने, मग तो लहान असो की मोठा, आपलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि एवढंच मिळत नव्हतं.

रोग कुठे आहे ते त्यांची बायको शरणम्मा हिने ओळखलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “तुमी पोरास्नी गोष्ट सांगायलाव का नोटीस धाडायलाव?”

“म्हणजे?”

“किशनरावाच्या गोठ्यात उबारून बोलताव की न्हाई तासन् तास? तसं लिवा की.”

किशनराव म्हणजे भीमाशंकरांचे जुने दोस्त. देवणी जातीची जनावरं पाळण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता. त्यांच्या वळूने प्रदर्शनात तीनदा पहिला नंबर काढलेला. जनावराकडे नुसतं बघून ते त्याच्या आजीचा स्वभाव सांगत. वाचनाचं म्हणाल तर सातबारा आणि पंचांग, यापलीकडे त्यांची मजल गेलेली नव्हती.

शरणम्माचं म्हणणं भीमाशंकरांना झोंबलं, पण पटलं. चौथं पुस्तक त्यांनी गोठ्यात उभं राहून सांगावं तसं लिहिलं. देवणी गायीत पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या जनावराला शेवरा म्हणतात. असा एक शेवऱ्या नावाचा गोऱ्हा दावं तोडून रानात पळतो, दिवसभर हुंदडतो, शेणकिडा बघतो, टिटवीची चार अंडी बघतो, ओढ्यात पाय घसरून पडतो, आणि आईचं हंबरणं ऐकून घरी येतो. महिन्याने त्याला टिटवीची पिल्लं दिसतात, आणि शेवटच्या पानावर तो मोठा होऊन वळू झालेला असतो. हे त्यांनी शरणम्माला वाचून दाखवलं, तेव्हा भेंडी चिरताना तिचा हात एका ठिकाणी थांबला. भीमाशंकरांना तो हात थांबलेला अजून आठवतो.

नांदेडच्या एका प्रकाशकाला गोष्ट आवडली. रंगीत चित्रांसह काढू म्हणाले. नांदेडचीच शिल्पा नावाची एक तरुण मुलगी चित्रं काढणार होती. महिन्याभरात चित्रं मोबाइलवर आली आणि त्याबरोबर निरोप, ‘सर, बघून कळवा.’

भीमाशंकरांनी बघितलं, पण काय बघितलं? मुखपृष्ठावर ठळक पिवळ्या अक्षरांत त्यांचं नाव होतं. त्यांनी ते दोन बोटांनी ताणून मोठं केलं. ‘भीमाशंकर’ने सगळा पडदा भरला. मग ‘बिराजदार’ मोठं केलं. मग लातूरला मुलाला पाठवलं, बीदरला मेव्हण्याला पाठवलं, आणि पुन्हा एकदा नाव बघितलं. असा अर्धा तास गेला. बाकीच्या चित्रांवरून त्यांनी बोट तेवढं सरकवलं आणि उत्तर लिहिलं, ‘सदर चित्रे पाहिली. हरकत नाही.’ जुनी सवय लवकर सुटत नाही.

देवणीला पशुप्रदर्शन भरणार होतं. बक्षीस समारंभात, भरल्या मांडवात, किशनरावांच्या हस्ते पुस्तकाचं प्रकाशन करायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी एसटीने गठ्ठा आला. शरणम्माने विळीवर सुतळी कापली, वरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली.

“ह्ये कुणाची हो?” तिने विचारलं.

“कुणाची म्हणजे? शेवऱ्याची माय.”

“अय्यो! मग हिच्या पाठीला इस्तरी केलीय का?”

भीमाशंकरांनी चष्मा लावला. गायीची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत पाटासारखी सपाट होती. वशिंडाचा पत्ता नव्हता. गळ्याखालची लोंबती पोळी गायब, खाली झुकणारे लांब कान गायब. नाक गुलाबी, कास घागरीएवढी फुगलेली. काळ्या ठिपक्यांची, परदेशी वंशाची, गोबऱ्या तोंडाची ती गाय चोवीस पानांवर हसत उभी होती. कानातला पिवळा बिल्ला तेवढा बरोबर होता.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात एवढं काय? त्याला देवणी माहीत नाही. तिथे लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या बापाचं नाव चुकलं तरी लोक जेवून, विडा खाऊन जातात. पण ज्या गावाचं नाव गायीला दिलंय, त्या गावात गाय चुकणं, आणि तेही डाक्टरसाबांच्या पुस्तकात! 

भीमाशंकरांनी शिल्पाला फोन लावला. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढला. “वशिंड कुठंय?”

“कसलं वशिंड, सर?”

“गायीचं!”

“सर, तुमच्या गोष्टीत वशिंड नव्हतं,” शिल्पा घाबरून म्हणाली. “पांढऱ्या अंगावर काळे ठिपके एवढंच होतं. मी तीन वेळा वाचली. शेवटी दुधाच्या पिशवीवरची गाय बघून काढली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, सर. आणि चित्रं मी पाठवली होती की तुम्हाला.”

भीमाशंकरांनी फोन तसाच धरून हस्तलिखित काढलं. पोरगी खरं बोलत होती. गायीच्या खरखरीत जिभेचं वर्णन होतं. तिच्या अंगाच्या वासाचं होतं. वासराला चाटताना ती कोणता कान आधी हलवते, तेही होतं. वशिंड, पोळी, कानांची ठेवण, याबद्दल एक अक्षर नव्हतं. कोण लिहील? गायीला वशिंड होतं असं देवणीच्या माणसाने लिहायचं, म्हणजे माझ्या बायकोला डोकं आहे असं लिहिण्यातला प्रकार. हा विचार त्यांनी शरणम्माला सांगितला नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला तेव्हा ते वरमले. “रडू नको, पोरी,” ते म्हणाले. “तुझं काय चुकलं न्हाई.”

फोन ठेवतात न ठेवतात तोच किशनरावांचा आला. “डाक्टरसाब, धोतर इस्तरीला दिलंय बरं का! भाषण बी पाठ करायलोय. पुस्तक आलं नव्हं?”

शरणम्मा हातवारे करून सांगत होती, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा. सोपं होतं. गठ्ठा वाटेत अडकला म्हणायचं, पाचशे पुस्तकं पलंगाखाली ढकलायची, इज्जत शाबूत. पण पलंगाखालचं पुस्तक कोण वाचणार? आधीच्या तिन्ही पुस्तकांचे गठ्ठे तिथेच होते, आणि त्यांना कोण भेटायला येतं ते भीमाशंकरांना चांगलं माहीत होतं.

“आलंय,” ते म्हणाले, आणि शरणम्माने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. शिंगं रंगवलेले, तेल पाजून चकाकणारे वळू बाहेर रांगेत उभे. स्टेजवर किशनरावांनी पुस्तकाची फीत सोडली, मुखपृष्ठ बघितलं, हात लांब करून पुन्हा बघितलं, शेजारच्याचा चष्मा मागून घेऊन तिसऱ्यांदा बघितलं. पाठ केलेलं भाषण त्यांच्या तोंडून निसटून कुठे गेलं कोण जाणे. माइक चालू आहे हे विसरून ते बोलले, “आं? ह्ये तर जर्सी हाय!”

तिकडे काळ्या-पांढऱ्या संकरित गायीला सरसकट जर्सीच म्हणतात. मांडवात असा हशा उठला की बाहेरचे वळू बुजले.

“डाक्टरसाब,” किशनराव कळवळून म्हणाले, “निदान लाल कंधारी तरी काडायची! नांदेडकडची आसली तरी आपल्यातली हाय!”

भीमाशंकरांच्या खिशात शुद्ध भाषेतलं तीन पानी मनोगत होतं. ते तिथेच राहिलं. त्यांनी माइक घेतला. “चितरं काडणाऱ्या पोरीला कुणी काय म्हनू नका,” ते म्हणाले. “चूक माजी हाय. म्या चोवीस पानं लिवलो आन् गाय कशी आसती त्येवढंच लिवलो न्हाई. वाटलं, समद्यास्नी ठावंच हाय.”

हशा ओसरला. लोकांना वाईट वाटलं असावं. तेवढ्यात मागून एकाने पुस्तक उंच धरून आरोळी ठोकली, “शेवटचं पान बगा! वळूला थानं हायती!”

मग काय विचारता. शेवटचं पान बघायला सगळे टेबलावर तुटून पडले. कुणी शिंगात खोट काढली, कुणी खुरात, कुणी दाव्याच्या गाठीत. एकाने ओढ्यातल्या बेडकाचे पाय मोजले. आणलेल्या दोनशे प्रती अर्ध्या तासात संपल्या. लोक पुस्तक वाचायला नेत नव्हते, पकडायला नेत होते. भीमाशंकर रिकाम्या टेबलाशी उभे होते आणि शरणम्मा त्यांना पदराने वारा घालत होती.

पुढचा आठवडा वाईट गेला. बाजारात निघाले की हाक यायची, “डाक्टरसाब, वळू किती लिटर द्यायलाय?” ते मागच्या गल्लीने जायला लागले. मग जाणंच सोडलं. लिहिण्याचे कागद त्यांनी बांधून माळ्यावर टाकले. शरणम्माने ते हसण्यावारी नेलं. पण एका सकाळी खार त्यांच्या पायापर्यंत आली आणि त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा मात्र तिला घोर लागला.

नवव्या दिवशी किशनराव आले. हातात कापडी पिशवी, चेहरा तक्रार नोंदवायला आल्यासारखा. बाजेवर बसून त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. नऊ दिवसांत त्याची पार दशा झाली होती. कोपरे दुमडलेले, वर चहाच्या कपाचं वर्तुळ. प्रत्येक गायीला निळ्या पेनाने भलंमोठं वशिंड काढलेलं होतं. एका पानावर गुराख्यालाही काढलं होतं.

“पान एकोणीस,” किशनराव म्हणाले. “शेणकिडा. तुमी लिवलाव, गोळा म्होरल्या पायानं ढकलतो म्हनून.”

“मग?”

“मागल्या पायानं ढकलतो. मुंडी खाली, ढुंगण वर, आन् उलटा चालतो.”

“किशनराव, म्या तेहतीस वर्सं जनावरांत काडली.”

“तुमी जनावराच्या अंगाला हात लावताव. शेण आमी काडतो.” किशनराव ठामपणे म्हणाले. “काल नात, तिच्या दोन मैतरणी आन् म्या, सकाळधरनं शेणाच्या पवापाशी बसून व्हतो. सून म्हनली, मामाला काय झालं? पर बगितलो. तीन किडे बगितलो. तिन्ही उलटेच.”

भीमाशंकर वाद घालायला सरसावले, आणि तो आकडा त्यांनी मनात पुन्हा म्हणून बघितला. पान एकोणीस. त्यांच्या कुठल्याही पुस्तकात कुणी तिसऱ्या पानाच्या पुढे पाऊल टाकल्याचा आजवर पुरावा नव्हता.

“तुमी,” त्यांनी जपून विचारलं, “समदं वाचलाव?”

“तर! चुका काडायच्या म्हंजी समदं वाचावंच लागतंय. एकदा म्या वाचलो. मग नात म्हनली, मोट्यानं वाचा. मग तिनं सवता वाचलं.” किशनरावांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “त्ये ऱ्हाऊ द्या. टिटवीची अंडी चार, पिल्लं तीन. चवथ्याचं काय झालं? त्ये लिवलाच न्हाई तुमी. पोरगी सारकी इचारायलीय. काल जेवंना झाली.”

“कावळ्यानं नेलं,” भीमाशंकर म्हणाले. “म्या डोळ्यानं बगितलो. पोरास्नी कसं सांगावं, म्हनून गाळलो.”

“सांगायचं की! पोरास्नी कळत न्हाई व्हय?”

 शेणाच्या पवापाशी बसलेले साठीचे किशनराव आणि तीन पोरी भीमाशंकरांच्या डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांना रडू फुटलं. उपरण्याने डोळे पुसले तरी ते थांबेना. किशनराव गडबडले.

“आवो डाक्टरसाब, एका शेणकिड्यापायी येवढं काय?” त्यांनी आत बघून हाक दिली, “वैनी, चा ठिवा, डाक्टरसाबास्नी लागलंय माजं बोलनं!” शरणम्मा दारात आली, नवऱ्याच्या तोंडाकडे तिने एकदा बघितलं आणि मुकाट्याने चहा ठेवायला गेली. तिच्या ध्यानात आलं होतं.

दोघांनी चहा घेतला. भीमाशंकर स्टूल लावून माळ्यावर चढले, कागद खाली काढले आणि पान एकोणीसची दुरुस्ती किशनरावांना विचारून विचारून लिहून घेतली. कावळ्याचंही लिहिलं. वशिंड, पोळी आणि कान यांना किशनरावांनी स्वतंत्र पान द्यायला लावलं, आणि ते स्वतः सांगितलं. सगळं झाल्यावर भीमाशंकर म्हणाले, “पुस्तक ठिवून जावा. खुणा हायत, दुसऱ्या छपाईला कामाला येतील.”

“न्हाई बा!” किशनरावांनी पुस्तक झटक्यात पिशवीत घातलं. “तुमच्याकडं तीनशे पडलीत की. ह्ये नातीचं हाय. दावून लगीच वापस आना म्हनून सांगूनच धाडलीय. आज शाळेत वाचून दावणार हाय ती.”